फ्युरिनची अँटिबॉडी आणि माझे तीन महिने
वेस्टर्न ब्लॉट (नमुन्यातलं एखादं प्रोटीन अँटिबॉडीने शोधायची पद्धत) कसा करायचा हे मी सांगत बसणार नाही, ते तुम्हाला येतं. पीएचडीला नुकतेच लागला असाल आणि पहिली अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीनला ओळखून चिकटणारं प्रोटीन) मागवायची असेल, तर एवढं वाचा.

कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनमध्ये फ्युरिनची कापायची जागा आहे, हे २०२० नंतर सगळ्यांना पाठ झालं. त्याच लाटेत मीही फ्युरिन घेतलं. फेस जनुकाच्या अलीकडच्या भागात याचं जनुक सापडलं, म्हणून ‘फर’, आणि त्यावरून फ्युरिन. ७९४ अमिनो आम्लांचं हे एन्झाइम गोल्गीत (पेशीतल्या प्रोटीनांच्या पॅकिंगच्या जागेत) बसून इतर कच्ची प्रोटीनं आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या खुणेवर कापतं आणि त्यांना कामाचं करतं. मला ते पेशीबाहेर, मीडियममध्ये (पेशी वाढवतो त्या द्रवात) दाखवायचं होतं.

शंभर मायक्रोलिटरची कुपी चाळीसेक हजारांची. आमच्या घरी तेवढ्यासाठी तेव्हा सहा क्विंटल कापूस विकावा लागायचा. सीनियरच्या वहीत कॅटलॉग नंबर होता, तोच मागवला. सीनियरची वही हा माझ्या मते लॅबमधला सगळ्यात घातक शॉर्टकट आहे. त्याचा प्रश्न वेगळा होता, तुमचा वेगळा.

लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या रसात) बँड, म्हणजे प्रोटीनची पट्टी, झकास आला, शंभर किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) जरा खाली. मीडियममध्ये काहीच नाही. मग मी मीडियम आटवलं, सीरम काढून टाकलं, अँटिबॉडीचं एक हजाराला एक हे प्रमाण दोनशेला एकपर्यंत नेलं. मेम्ब्रेन (प्रोटीन उतरवून घेतात तो पातळ कागद) तव्यासारखं काळं. सर म्हणाले, ट्रान्सफर (जेलमधून मेम्ब्रेनवर प्रोटीन उतरवणं) नीट होत नाहीये. ट्रान्सफर ठीकच होता. प्रत्येक अपयशावर ‘ट्रान्सफर’ म्हणणाऱ्या गाइडचं ऐका, पण आधी पॉन्सो (मेम्ब्रेनवरची सगळी प्रोटीनं दाखवणारा लाल रंग) करून स्वतः बघा. घरून माय रोज विचारायची, “काय निंघनं का?” काय सांगणार!

भुसावळला गाडी दोन तास लेट होती. फलाटावर बसल्या बसल्या मोबाइलवर अँटिबॉडीचं डेटाशीट उघडलं. ते मी आधी दहादा उघडलेलं, पण दरवेळी फक्त डायल्यूशन बघून बंद केलेलं. इम्युनोजेनच्या (ज्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली तो) रकान्यात लिहिलं होतं: मानवी फ्युरिनच्या सी-टर्मिनसजवळचं, म्हणजे शेवटच्या टोकाजवळचं, पेप्टाइड. मी शेजारच्या बाईंसमोर कपाळावर हात मारून घेतला.

हे सावकाश समजून घ्या, कारण मी इथेच बुडालो. फ्युरिनचा कापणारा मोठा भाग गोल्गीच्या आत असतो, मग पटलातून आरपार जाणारा एक पट्टा, आणि ५६ अमिनो आम्लांची शेपटी पेशीद्रवात. बाहेर पडणारं फ्युरिन पटलाच्या अलीकडे कापलं जाऊन सुटतं. शेपटी पेशीतच राहते. माझी अँटिबॉडी ओळखत होती ती शेपटी. रावेरच्या बागेतून केळीचा घड कापून गाडीत भरला, आणि मी बाजारात जाऊन त्या घडावर खोडाला मारलेली रंगाची खूण शोधत होतो. माल समोर होता. खूण बागेतच राहिली होती. आणि लायसेटमध्ये अख्खं झाडच असल्यामुळे तिथे बँड दिसायचा, म्हणून अँटिबॉडीवर माझा संशयच गेला नाही.

दुसऱ्या लॅबमधून कापणाऱ्या भागाविरुद्धची अँटिबॉडी दहा मायक्रोलिटर मागून आणली. दोन दिवसांत मीडियममध्ये बँड, लायसेटमधल्यापेक्षा थोडा खाली. लहान झालेलं प्रोटीन खालीच दिसायचं.

तर मागवण्याआधी आपल्या प्रोटीनचं चित्र कागदावर काढा, कुठे कापलं जातं ते दाखवा, आणि इम्युनोजेन कुठे बसतो ती जागा रंगवा. रकान्यात अमिनो आम्लांचे आकडे दिलेले नसतील तर कंपनीला मेल टाका. बहुतेक वेळा उत्तर येतं. लाजू नका.

कंट्रोलबद्दल एकच. लोव्हो या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींत फ्युरिन निकामी असतं, म्हणून लोक त्या निगेटिव्ह कंट्रोल (जिथे बँड येऊच नये असा नमुना) म्हणून वापरतात. पण जनुकात बदल होऊन निकामी होणं म्हणजे प्रोटीन नसणं नव्हे. तिथे बँड आला म्हणून अँटिबॉडीला शिव्या घालू नका. नॉकआउट पेशी (ते जनुकच बंद केलेल्या) मिळाल्या तर सोनं.

सोडियम अझाइड (द्रावण खराब होऊ नये म्हणून घालतात ते) असलेल्या द्रावणात एचआरपी (बँड उजळवणारं एन्झाइम) लावलेली सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी, बुडवू नका, एचआरपी मरतं. हे मी एकदाच केलं.

आणि मे महिन्यात पार्सल. जळगावच्या उन्हात माझा डबा शनिवारपासून सोमवारपर्यंत कुरिअरवाल्याकडे पडून होता, बर्फाचं पाणी झालेलं. रडायचीच वेळ आली होती. पण अँटिबॉडी इतकी नाजूक नसते, एकदोन दिवसांच्या उकाड्याने सहसा मरत नाही. तिला पुन्हापुन्हा गोठवणं-वितळवणं जास्त बाधतं. ती कुपी पाच-पाच मायक्रोलिटरच्या ट्यूबांत वाटून ठेवली. परवा त्यातली अकरावी काढली, बँड आला.