मोठ्या संख्येची कुंडली कशी काढायची: नागपूरच्या ४४०००१ वर करून बघू

नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१, पत्त्यात सगळेच लिहितात पण संख्या म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही, आणि खरंच बघायला पाहिजे. वही-पेन पुरतं, कॅल्क्युलेटर शेवटी लागला तर घ्या.

आधी नुसत्या नजरेनं कळतं ते लिहा. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने पूर्ण भाग जातो, उत्तर ४८८८९. अंकांच्या बेरजेनेच संख्येला भाग गेला की तिला हर्षद संख्या म्हणायचं, हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी दिलंय, ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ शोधणारे तेच.

आता पुढचं काम ४८८८९ वरच करा, अख्ख्या संख्येवर नको. याच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे ३ आता जात नाही. ७, ११, १३ एकेक करून तपासत बसू नका. त्यांचा गुणाकार १००१ येतो, म्हणून उजवीकडून तीन अंक तोडा आणि वजाबाकी करा: ८८९ − ४८ = ८४१. याला ७ ने भागलं तर बाकी १, ११ ने ५, १३ ने ९, झालं, एका वजाबाकीत तिघांचा निकाल! ८४१ हा २९ चा वर्ग आहे, पण म्हणून ४८८८९ ला २९ ने भाग जातो असं धरू नका, ही युक्ती त्या तिघांपुरतीच.

मग १७, १९, २३ असं मूळ संख्यांनी (ज्यांना १ आणि स्वतःशिवाय कशानेच भाग जात नाही) भागत जायचं. कुठपर्यंत? वर्गमूळापर्यंत, कारण दोन अवयवांपैकी एक तरी त्याच्या आत असतोच. २२१ चा वर्ग ४८८४१, २२२ चा पुढे जातो, म्हणजे शेवटची तपासणी २२१ च्या आतल्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्येची, २११ ची. इथे कंटाळा येतो पण सोडू नका, ९७ ला तर बाकी फक्त १ उरते, इतकं थोडक्यात हुकतं. कोणाचाच भाग जात नाही, म्हणजे ४८८८९ स्वतःच मूळ संख्या.

म्हणून ४४०००१ = ३ × ३ × ४८८८९. विभाजक मोजायचे तर प्रत्येक घातांकात (३ दोनदा म्हणून २, ४८८८९ एकदा म्हणून १) १ मिळवून गुणा: ३ × २ = ६.

आता शंकरनगरचा ४४००१० घ्या. अंक तेच, फक्त जागा बदलली, दोघांतला फरक ९ (अंकांची अदलाबदल केली की फरकाला ९ ने भाग जातोच). पण अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ५ × ४८८९, आणि विभाजक थेट २४! स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज ७०४२५०, म्हणजे संख्येपेक्षाही जास्त, तिकडे ४४०००१ ची फक्त १९५५६९.

प्रतापनगरचा ४४००२२ तुम्ही करा. एकाआड एक अंक अधिक-वजा केले तर शून्य येतं, म्हणजे ११ चा भाग जातो, पुढे ५९ आणि ११३ सापडेपर्यंत थांबू नका.