मित्राच्या फोटोवर काय आणि कसं बोलावं

"कडक!", "एक नंबर!" ही दाद गोड लागते, पण पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते तिच्यातून कळत नाही. आम्ही पुण्यातले काही हौशी फोटोवाले एकमेकांचे फोटो बघायला बसतो, तेव्हा मी आधी गप्प राहते. नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि कुठे अडकली, ते मनात टिपते आणि बोलायला तिथूनच सुरुवात करते. "कॉम्पोझिशन जमलं नाही" म्हटलं की समोरचा हिरमुसतो. "माझी नजर आधी मागच्या पांढऱ्या छत्रीवर गेली" म्हटलं की तो पुन्हा फोटोकडे बघतो.

मग विचारा, तुला यात काय दाखवायचं होतं? दिवे घाटातली वारी घ्या. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना हा घाट चढते आणि वळणावरची गर्दी वरून टिपायला सगळे धावतात. तुमच्या मित्राने मात्र तुळस डोक्यावर घेतलेली एकच माउली टिपली असेल, तर "घाट कुठे दिसतोय?" हे विचारू नका. "पताकेची काठी तिच्या डोक्यातून उगवल्यासारखी वाटते, दोन पावलं डावीकडे सरकला असतास तर मागे मोकळं आभाळ आलं असतं," हे सांगा. पुढच्या आषाढात त्याला नक्की उपयोग होईल.

तांत्रिक चूक सांगताना कारण शोधून सांगा. भिगवणला उजनीच्या पाण्यावरून उडणाऱ्या रोहित पक्ष्यांचे फोटो आमच्याकडे दर हिवाळ्यात येतात आणि "शार्प नाही" हा शेरा ठरलेला. पण का नाही? पक्षी धूसर आणि पुढच्या लाटा स्पष्ट असतील, तर फोकस चुकलाय. सगळी फ्रेम एकाच दिशेने ओघळली असेल, तर कॅमेरा हलला. होडीत हे फार होतं. अंग स्पष्ट आणि फक्त पंखांची टोकं पुसट असतील, तर शटरचा वेग कमी पडला. १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवून बघायला सांगा. अर्थात, डोळा लख्ख असेल तर पुसट पंख मला आवडतात, आणि तेही मी मोकळेपणाने सांगते. तीन दुखण्यांवर तीन वेगळे उपाय आहेत, म्हणून एवढी चिकित्सा.

एका फोटोवर सुधारणा एकच सुचवा, सगळ्यात जास्त फरक पाडणारी. क्षितिज तिरकं असणं, क्रॉप, म्हणजे कडांची छाटणी, सैल असणं हे घरी बसून सुधारता येतं, त्यावर वेळ घालवू नका. मात्र क्रॉप किती परवडेल ते सांगा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की हातात ६ मेगापिक्सेलच उरतात.

नवख्याशी शक्यतो बाजूला बोला. त्याचा फोटो स्वतः क्रॉप करून दाखवायचा असेल तर आधी विचारा, आणि मूळ फोटो शेजारी ठेवूनच दाखवा. त्याला मूळच बरा वाटला, तर तो का, ते ऐकून घ्या.