महाशिवरात्र ते पाडवा : फुलपाखरं बघायला निघण्याआधी

फुलपाखरं म्हटलं की आपल्याला श्रावण-भाद्रपद आठवतो. संख्येच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण सह्याद्रीच्या पायथ्याला महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंतचा जो जेमतेम महिना मिळतो, तो फुलपाखरं नीट बघायला शिकण्यासाठी मला सगळ्यात चांगला वाटतो. पानगळीने रान मोकळं झालेलं असतं, ओढ्याची धार तुटून डबकी उरलेली असतात, कुसुंबाला लाल पालवी फुटत असते आणि पाऊस, चिखल, जळवा काही नसतं. फक्त या दिवसांतली फुलपाखरं पावसाळ्यातल्यांसारखी दिसत नाहीत, म्हणून तयारीही थोडी वेगळी लागते.

पहिली तयारी घरी बसूनच करायची आहे, आणि तिला एक अख्खी संध्याकाळ द्या. जी मार्गदर्शिका किंवा संकेतस्थळ तुम्ही वापरता, त्यात प्रत्येक फुलपाखराची पंख मिटलेली चित्रं आधी बघा. आपण पंखांची वरची, रंगीत बाजू पाठ करून जातो. पण या दिवसांत बसलेलं फुलपाखरू बहुतेक वेळा खालची बाजूच दाखवतं, आणि कित्येक जातींत ती ऋतूनुसार बदललेली असते. कॉमन ईव्हनिंग ब्राउन किंवा बुशब्राउन घ्या. पावसाळी रूपात पंखाखाली ठसठशीत डोळे असतात. हिरवळीत हिंडणाऱ्या फुलपाखरावर पक्ष्याने झडप घातली तर चोच त्या डोळ्यांवर, पंखाच्या कडेला पडते आणि जीव वाचतो. कोरड्या दिवसांत मात्र वाळक्या पाचोळ्यावर असे डोळे उठून दिसतील, म्हणून ते बारीक होतात किंवा पुसूनच जातात, आणि उरतो तो पाचोळ्याचा रंग. सुरवंट वाढत असताना हवा कशी होती, यावर कोणतं रूप येणार हे ठरतं. कॉमन फोर-रिंगच्या मागच्या पंखाखालची वर्तुळं तर टाचणीच्या टोकाएवढी होतात. नावाप्रमाणे चार मोजायला गेलात तर फसाल. पीकॉक पॅन्सीची वरची बाजू वर्षभर मोरपंखी डोळ्यांचीच, पण कोरड्या दिवसांत पंखांचे कोपरे टोकदार होतात आणि मिटल्यावर ती हुबेहूब वाळलेलं पान दिसते. गवतातल्या पिवळ्या ग्रास यलोवर विटकरी डाग चढतात. ही पाच-सहा जोडचित्रं, पावसाळी आणि कोरडी, शेजारी शेजारी ठेवून पाहिलीत तर रानात गेल्यावर निम्मा गोंधळ होणारच नाही.

त्याच बैठकीत कुळं ओळखायला शिका. जात नंतर येते. शेपटीवाली मोठी ती स्वॅलोटेल, पांढरी-पिवळी ती पिअरिड, नखाएवढी ते लहान नाण्याएवढी ती ब्लू, जाड अंगाची आणि सुळकन् उडणारी ती स्किपर. चारच पाय टेकून बसलेलं दिसलं तर ते कुंचलपाद कुळातलं, कारण त्यांचे पुढचे दोन पाय आखडून छातीशी घेतलेले असतात. भारतात सहा कुळं आहेत. सहावं जूडी फुलपाखरांचं; दाट सावलीत पानावर अर्धवट पंख उघडून सारखी दिशा बदलत बसणारी प्लम जूडी एकदा बघितली की पुन्हा विसरत नाही.

नकलाकारांची, म्हणजे दुसऱ्या जातीसारख्या दिसणाऱ्या फुलपाखरांची, उजळणीही करून घ्या, कारण ते बाराही महिने असतात. कॉमन मॉरमॉनची मादी कॉमन रोझसारखी किंवा क्रिमझन रोझसारखी दिसते. दोन्ही रोझचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं. तेव्हा नजर पंखांवरून अंगावर न्यायची सवय लावा. प्लेन टायगरची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी मागच्या पंखावरून ओळखू येते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात. तिच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच.

मग जागा ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: महिनाभर एकच जागा धरा. पाच ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ओढ्यावर चार वेळा गेलात तर खूप अधिक कळेल. मुंबई-ठाण्याच्या माणसाला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा येऊर, पुण्याच्या माणसाला वेताळ टेकडी किंवा सिंहगडाचा पायथा, रायगडात कर्नाळा किंवा फणसाड, सिंधुदुर्गात आंबोली. अगदी नवखे असाल किंवा बरोबर लहान मुलं असतील तर ठाण्याजवळ ओवळेकरवाडीत फुलपाखरांसाठी राखलेली बाग आहे. सुरू असल्याची आधी चौकशी करून तिथूनच सुरुवात करा. राखीव जंगलात आणि अभयारण्यात जायचं तर प्रवेशाच्या वेळा आणि परवानगी वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारून ठेवा.

जागा ठरली की तिथली झाडं लिहून काढा, कारण फुलपाखरापेक्षा त्याचं झाड शोधणं सोपं. रुई दिसली तर प्लेन टायगर. लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन. सोसायटीच्या दारातल्या उंच अशोकावर टेल्ड जे, बोरीवर कॉमन पिएरो, पानफुटीवर रेड पिएरो, टेंभुर्णीच्या रानात बॅरोनेट. आंब्याच्या फांदीला बांडगूळ लागलेलं असेल तर तिथे थांबाच. हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझेबेल, त्यावर अंडी घालतं. उडताना ते पांढरंच वाटतं, पण फुलावर पंख मिटले की खालची हळद आणि कडेचं कुंकू असं काही झळकतं की बघत राहावं. हरभऱ्या-तुरीचं शेत जवळ असेल तर बांधावर पी ब्लू असतं. मधुरसासाठी या दिवसांत दगडी पाला, घाणेरी आणि जिथे टिकलीय तिथे रानमोडीची शेवटची फुलं धुंडाळा. पळस-पांगाऱ्याखाली फुलपाखरांसाठी ताटकळू नका. ती मेजवानी मुख्यतः पक्ष्यांची.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे ओढ्यातली ओलसर वाळू. वाहतं पाणी आटतं तसा ओलावा मोजक्या जागी उरतो आणि नर तिथे चिखलपानाला जमतात. त्यांना हवा असतो तो मातीतला क्षार, विशेषतः सोडियम; त्यातला काही भाग मीलनाच्या वेळी मादीकडे जातो. कॉमन जे, ब्लूबॉटल, एमिग्रंट यांच्या घोळक्यात मार्चपासून लांब तलवारीसारख्या शेपटीचं स्पॉट स्वॉर्डटेल येऊ लागतं. हे खास उन्हाळ्याच्या तोंडचं फुलपाखरू. पावसाळ्यानंतर शोधत बसलात तर हाती लागणं कठीण. पुढच्या पंखाच्या काळ्या कडेवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ आहे का तेवढं बघा. दाट, ओल्या रानात त्याच्यासारखंच दिसणारं फाइव्ह-बार स्वॉर्डटेल असतं. त्याच्या कडेला ही ओळ नसते. राज्य फुलपाखराची, २०१५ साली तो मान मिळालेल्या नीलवंताची, म्हणजे ब्लू मॉरमॉनची, आस मात्र या महिन्यात फार धरू नका. दिसलं तर आनंदच, पण त्याचा खरा बहर पावसाळ्यात आणि त्यानंतर.

सामान कमी ठेवा. दुर्बीण घेणार असाल तर आठपट मोठं दाखवणारी, आणि दोन मीटरच्या आतलं स्पष्ट दिसेल अशी. पक्ष्यांसाठी घेतलेल्या अनेक दुर्बिणींना इतकं जवळचं जमत नाही, तेव्हा घरीच पायाच्या अंगठ्यावर रोखून तपासा. कॅमेरा नसला तरी मोबाइल पुरतो. फोटो काढताना पंखाची पातळी आणि मोबाइल समांतर धरा, नाहीतर अर्धा पंख अस्पष्ट येतो आणि ओळखीची खूण नेमकी त्याच अर्ध्यात असते. पहिला फोटो लांबूनच घ्या, मग वाका, मग हळू पुढे सरका. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. टोपी, दोन लिटर पाणी, छोटी वही, पेन्सिल. अत्तर किंवा वासाचा स्प्रे अजिबात नको; कड्याकपारीत आग्या मोहोळ असतात आणि उग्र वासाने त्या माश्या चवताळू शकतात.

दोन धोके खास या दिवसांतले आहेत. एक खाजकुइली. तिच्या शेंगा आता वाळलेल्या असतात आणि नुसत्या वाऱ्यानेही लव उडते. वाटेवर झुलणाऱ्या मखमली शेंगा दिसल्या तर वाट बदला. दुसरा धोका गंभीर आहे. दोडामार्ग, सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरीत जाणार असाल तर माकडतापाचा हंगाम हाच. तो गोचिडीतून पसरतो. पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यात बसू नका, माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा, घरी येताच गरम पाण्याने अंघोळ करून अंगभर गोचीड तपासा, आणि पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

निघण्याची वेळ फार पहाटेची नको. फुलपाखराला उडायला उन्हाची ऊब लागते, म्हणून आठच्या सुमारास पोहोचा. तेव्हा ती पंख उघडून ऊन खात बसलेली असतात आणि वरची बाजू बघायची हीच संधी. साडेनऊनंतर फुलं आणि झुडपं, दहा-अकराला वाळू, बाराला सावलीचा ओढा. तिथे ब्लू टायगर आणि क्रो गारव्याला जमलेली असू शकतात. झाडाच्या बुंध्यावर चीक पाझरत असेल तर तिथेही नजर ठेवा; ब्लू ओकलीफ अशा चिकावर किंवा कुजक्या फळावर येतं. पंख मिटले की मधली शीर आणि देठासकट ते वाळकं पानच! चार वाजता निघायची घाई करू नका, कारण ईव्हनिंग ब्राउन दिवसभर पाचोळ्यात दडून तिन्हीसांजेला उडतं.

काही गोष्टी बरोबर नेऊच नका. जाळी नको, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे कित्येक जातींना संरक्षण आहे, आणि ओळखण्यासाठी पकडण्याची गरजच नाही. फोटोसाठी फुलपाखरू थंड करून सुस्त करणारे लोक आहेत, हे वाचून वाईट वाटतं आणि चीडही येते. तसा फोटो दाखवणाऱ्याचं कौतुक करू नका. घोळक्याला उडवून ‘उडतानाचा’ फोटो काढायला मुलांना पळवू नका. त्या ओल्या चार हातांच्या जागेसाठी ती लांबून आलेली असतात. काडीपेटी घरीच ठेवा. फाल्गुनातला वणवा गवताबरोबर अंडी, सुरवंट आणि कोषही जाळतो, आणि तशा डोंगरावर पुढच्या पावसात काय उडणार?

नोंदीसाठी वहीत आधीच रकाने आखून न्या: तारीख, वेळ, जागा, ऊन की सावली, कोणत्या झाडावर, काय करत होतं, खालची बाजू दिसली की वरची. नाव शेवटी. ग्रास ब्लूसारख्या जाती खालच्या ठिपक्यांची जागा नीट दिसल्याशिवाय सांगता येत नाहीत. तिथे ‘ग्रास ब्लू, जात नक्की नाही’ एवढंच लिहा, ती पूर्ण किमतीची नोंद असते. फोटो आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवताना दोन्ही बाजूंचे द्या, फिकट आले असले तरी. आणि कोरड्या रूपातली फुलपाखरं वेगळ्या पानावर लिहा, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच ओढ्यावर गेलात की शेजारच्या पानावर पावसाळी रूपं उतरवता येतील.