नमुन्यावरची वेळ: संप्रेरकांच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन मी पुण्यात संप्रेरकांच्या आजारांवरील क्लिनिकल संशोधनात स्टडी कोऑर्डिनेटर (अभ्यासातील रुग्णांच्या भेटी, नमुने आणि नोंदी सांभाळणारी) म्हणून रुजू झाले, त्याला आता अकरा वर्षे झाली. थायरॉइड, पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली, इतर ग्रंथींना चालवणारी ग्रंथी) आणि मधुमेह अशा तिन्ही प्रकारच्या अभ्यासांत काम केल्यानंतर, नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते की संप्रेरकाच्या आकड्याला वेळेवाचून अर्थ नसतो. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक पहाटेनंतर चढलेले असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली गेलेले असते. त्यामुळे एका डेसीलिटरला १० मायक्रोग्रॅम हा आकडा सकाळी आठ वाजता आला, तर तो निरोगी माणसाचा असू शकतो, आणि तोच रात्री बारा वाजता आला, तर कुशिंग सिंड्रोमची (शरीरात कॉर्टिसॉल अति होण्याच्या आजाराची) शंका घ्यावी लागते. कागदावर मात्र दोन्ही वेळा १० एवढेच लिहिलेले असते.

पात्रतेबद्दल थोडक्यात सांगते. स्वतः संशोधक व्हायचे असेल, तर एमबीबीएसनंतर मेडिसिन किंवा बालरोगशास्त्रात एमडी आणि त्यानंतर एंडोक्रायनॉलॉजीतील (संप्रेरकशास्त्रातील) तीन वर्षांचे डीएम हा रस्ता आहे. कोऑर्डिनेटरच्या कामात बी.फार्म., बी.एस्सी., नर्सिंग, बीएएमएस अशा अनेक शाखांची माणसे येतात. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे (माणसांवरील संशोधन कसे करावे याच्या नियमांचे) प्रशिक्षण सर्वांनाच घ्यावे लागते. २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे मुळातून वाचावीत, कोणी काढलेल्या नोट्सवर विसंबू नये. संख्याशास्त्राची भीती असेल, तर ती पहिल्या वर्षातच घालवावी.

आता कामाकडे येते. थायरॉइडच्या अभ्यासात रुग्ण सहसा लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉइड संप्रेरकाची) गोळी रोज उपाशीपोटी घेत असतात. गोळी घेतल्यानंतर काही तास रक्तातील फ्री टी-४ (थायरॉइडचे मोकळे संप्रेरक) वाढलेले दिसते, म्हणून आदल्या दिवशी फोन करून "गोळी सोबत आणा, रक्त देऊन झाल्यावर घ्या" असे स्पष्ट सांगावे लागते. हे औषध शरीरातून निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला चालवणारे पिट्युटरीचे संप्रेरक) पुन्हा तपासण्यासाठी सहा ते आठ आठवडे थांबणे भाग असते, आणि प्रोटोकॉलमधल्या (अभ्यासाच्या लेखी आराखड्यातल्या) भेटींमधील अंतर त्यावरूनच ठरलेले असते. केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व असते. त्याचे प्रमाण मोठे असेल, तर काही तपासणी पद्धतींत टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी-४ खोटे जास्त येते, आणि निरोगी बाईला ग्रेव्हज डिसीज (थायरॉइड अति काम करण्याचा आजार) असल्यासारखा रिपोर्ट हाती पडतो. "कोणती औषधे घेता?" या प्रश्नाच्या उत्तरात ही गोळी कधीच सांगितली जात नाही, कारण तिला कोणी औषध समजत नाही. केसांसाठी काही घेता का, असे वेगळे विचारावे लागते.

उपाशीपोटी या शब्दाचेही तसेच आहे. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसाठी बोलावलेल्या एका मावशींना मी फोनवर "उपाशी या" एवढेच सांगितले होते. त्या दिवशी संकष्टी होती. "आज माझा उपासच आहे," असे त्यांनी समाधानाने सांगितले आणि त्या साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या होत्या. चूक माझी होती. त्यांना पुन्हा बोलवावे लागले, एसटीचा प्रवास पुन्हा करावा लागला आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. तेव्हापासून मी "रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही नको, चहासुद्धा नको" असे सांगते आणि दिनदर्शिका पाहूनच तारीख देते.

पिट्युटरीच्या अभ्यासात नमुन्याची काळजी सर्वाधिक घ्यावी लागते. एसीटीएचचे (कॉर्टिसॉल तयार करायला लावणाऱ्या पिट्युटरीच्या संप्रेरकाचे) रक्त ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या नळीत) घेऊन लगेच बर्फात ठेवावे लागते, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे लागते आणि प्लाझ्मा ताबडतोब गोठवावा लागतो. ट्यूब टेबलावर पडून राहिली, तर संप्रेरकाचे विघटन होते आणि आकडा खोटा कमी येतो. माझ्या दुसऱ्या वर्षी एका अभ्यासात मी पाच रुग्णांच्या नोंदींत रक्त घेतल्याची वेळ सकाळी ८.०० अशी भरली, कारण प्रोटोकॉलमध्ये तसे लिहिले होते. रक्त घेणारा तंत्रज्ञ एकच होता. नोंदी तपासायला आलेल्या मॉनिटरने नोंदवही उघडून पाच ओळींवरून बोट फिरवले आणि "एकाच माणसाने एकाच मिनिटाला पाच जणांचे रक्त कसे घेतले?" एवढेच विचारले. खऱ्या वेळा कोणालाच आठवत नव्हत्या, त्यामुळे ते नमुने विश्लेषणातून वगळावे लागले. पाच माणसांनी सुई टोचून घेतली होती ती वाया गेली, याची खंत मला अजून आहे. नमुना उशिरा घेतला, तर उशिराची वेळ लिहावी आणि कारणही लिहावे. नोंद चुकली, तर एका रेघेने खोडून, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी सही आणि तारीख टाकावी. उशिरा घेतलेला नमुना विचलनाची (प्रोटोकॉलपासून झालेल्या फरकाची) नोंद करून पुष्कळदा वापरता येतो, खोटी वेळ भरलेला मात्र कधीच येत नाही.

या क्षेत्रात इतिहास विचारण्याची कला प्रयोगशाळेइतकीच महत्त्वाची आहे. अॅक्रोमेगालीच्या (वाढीचे संप्रेरक अति होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला चेहरा बदलल्याचे स्वतःला कळत नाही, पण अंगठी बोटात जाईनाशी कधी झाली आणि चपलेचा नंबर कधी वाढला, हे तो नेमके सांगतो. शीहान सिंड्रोमच्या एक बाई मला कायमच्या लक्षात राहिल्या आहेत. थकवा, थंडी सहन न होणे, अंगावर सूज यासाठी त्या वर्षानुवर्षे रक्तवाढीच्या गोळ्या घेत होत्या. बाळंतपणात फार रक्त गेले होते का, असे विचारल्यावर त्या "गेलं असेल" म्हणाल्या. "अंगावर दूध आलं होतं का?" असे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही, पोराला वरच्या दुधावरच वाढवलं. पाळीही पुन्हा आली नाही." बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटला होता आणि त्यानंतर चौदा वर्षे गेली होती. अशा रुग्णात थायरॉइड कमी दिसले म्हणून आधी थायरॉक्सिन सुरू केले, तर अॅड्रिनल क्रायसिस (कॉर्टिसॉलच्या तीव्र कमतरतेने जिवावर बेतणारी अवस्था) ओढवू शकतो. कॉर्टिसॉलची उणीव आधी भरून काढावी लागते. औषध लिहिणे हे डॉक्टरांचे काम असले, तरी कोऑर्डिनेटरलाही हा क्रम ठाऊक असला पाहिजे.

संमतिपत्राचे मराठी भाषांतर पुष्कळदा असे असते की ते वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. "यादृच्छिक विभागणी" हा शब्द कागदावर असतो. समजावताना मी "कोणाला कोणतं औषध हे चिठ्ठी टाकावी तसं संगणक ठरवतो, डॉक्टर ठरवत नाहीत" असे सांगते. नंतर रुग्णालाच विचारते की तुम्हाला काय समजले ते मला सांगा. नाही म्हटले तरी उपचार थांबणार नाहीत, ही गोष्ट त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पेन पुढे करत नाही.

ज्याला हे काम किती चिकाटीचे आहे ते पाहायचे असेल, त्याने केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचा पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी अभ्यासावा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत तो सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची होती आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. तरीही आपल्या किडकिडीत बाळांच्या अंगावर स्नायूंच्या मानाने चरबी अधिक आढळली. पुढे ती मुले मोठी होईपर्यंत त्यांची तपासणी होत राहिली, आणि मधुमेहाची मुळे गर्भापर्यंत शोधण्याचे काम त्यातून उभे राहिले. गावोगाव घरी जाऊन वजन, माप आणि तारीख लिहून ठेवणाऱ्या माणसांवाचून यातले काहीच झाले नसते.

पाठपुराव्याचे वेळापत्रक आखताना रुग्णाचे वर्ष कसे चालते, तेही पाहावे. बीड-नगर भागातील ऊसतोडणीची कुटुंबे दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात आणि थेट उन्हाळ्यात परततात. सप्टेंबरात नोंदवलेल्या अशा रुग्णाला मार्चमध्ये सहा महिन्यांची भेट दिली, तर तो येणार नाही हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते. म्हणून नोंदणीच्या वेळीच "हंगामात कुठे असता?" असे मी विचारते आणि भेटीसाठी प्रोटोकॉलने दिलेल्या दिवसांच्या मुभेत बसत असेल, तर त्या भागातील जवळच्या केंद्रात रक्त घेण्याची परवानगी एथिक्स कमिटीकडून (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीकडून) आधी मागून ठेवते. संपर्कासाठी बहुतेक वेळा टोळीच्या मुकादमाचाच नंबर मिळतो. त्याच्याशी बोलताना आजाराचे किंवा औषधाचे नाव मी काढत नाही, फक्त बाईंना फोन करायला सांगा असा निरोप ठेवते, आणि फोन केल्याची तारीख व वेळ वहीत लिहिते.