डिफरन्शियलचं सील गळतंय? नुसतं सील बदलून गप बसू नका

अॅम्बॅसेडर, पद्मिनी नायतर जुनी विलीस जीप ज्याच्याकडं आहे त्याच्या पार्किंगमध्ये मागच्या बाजूला एक काळा डाग असतोच. मग काय, दुकानातनं सील (फिरत्या भागाभोवती ऑइल अडवणारी रबरी रिंग) आणायचं, जुनं उचकटायचं, नवं ठोकायचं आणि महिन्याभरात डाग परत हजर. सील स्वस्तातलं, म्हणून सगळा राग त्याच्यावर. ते का गेलं हे कुणी बघतच नाही.

सगळ्यात आधी डिफ (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) डिझेलनं धुवा, कोरडं करा, गाडी जरा फिरवून आणा आणि मग बघा गळतंय कुठनं. टेल पिनियनच्या तोंडातनं (जिथं गिअरबॉक्सकडनं येणारा प्रॉपेलर शाफ्ट जोडतो) येतंय का अॅक्सलच्या टोकातनं ब्रेक ड्रममध्ये उतरतंय? दोन्ही सीलं वेगळी आहेत ओ. आणि हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, काढून फुंकून बघा. शेताच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीचा ब्रीदर चिखलानं हमखास बुजलेला असतो, डिफ तापला की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती ऑइलला सीलच्या ओठातनं बाहेर ढकलते. पाच मिनिटांचं काम, पण ते सोडून लोक शाफ्ट खोलायला बसतात.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. पिनियनचं सील फ्लँजच्या (पिनियनला प्रॉपेलर शाफ्ट जोडणारा तुकडा) ज्या भागावर घासतं तिथं वर्षानुवर्षांनी खाच पडते. नखानं चाचपलं तर कळते. नवं सील त्याच खाचेवर बसवलं तर गळणारच. हे माहीत असलेले पण एक अतिशहाणपणा करतात, फ्लँज लेथवर लावून एमरी (घासायचा पॉलिश पेपर) मारून आणतात. एका मित्राच्या पद्मिनीचं असंच झालं. उद्यमनगरात एका ठिकाणी फ्लँज आरशासारखा चकाचक करून दिला, नवं सील घातलं आणि गळती आधीपेक्षा जास्त! मित्र म्हणाला सीलच डुप्लिकेट, दुसऱ्या कंपनीचं आणलं, तरी तेच. शेवटी फ्लँज घेऊन आम्ही एका म्हाताऱ्या टर्नर मामांकडं गेलो. त्यांनी फ्लँज लेथवर पकडला, ऑइलचा पुसट हात फिरवला, शिवायचा दोरा त्यावर अडकवून खाली एक नट लोंबकळत सोडला आणि लेथ एकदम सावकाश चालू केली. दोरा हळूहळू एका बाजूला सरकायला लागला. लेथ उलटी फिरवली तर दोरा उलट्या बाजूला. "एमरी आडवी सरकवत मारलीय रं, बारीक आटे पडल्यात, ऑइल ह्याच्यावरनंच चालत बाहेर येतंय," मामा म्हणाले. मग त्यांनी बारीक एमरी एकाच जागी धरून, इकडंतिकडं न सरकवता फिनिश केला आणि तेच 'डुप्लिकेट' सील बसवलं. गळती बंद. खाच खोल असेल तर पॉलिशच्या नादाला लागू नका. घासलेल्या जागेवर पातळ स्लीव (धातूची बाही) चढवा, नायतर जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर पुढंमागं बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो.

दुसरा गुन्हा म्हणजे फ्लँज धरून ठेवणारा पिनियनचा नट हवेच्या गननं आवळणं. ज्या डिफमध्ये पिनियनच्या बेअरिंगांच्या मधे दबणारा स्पेसर (धातूची नळी) असतो तिथं तो नटच बेअरिंगचा दाब ठरवतो. जास्त आवळला की स्पेसर दबला, आणि नट सैल केला तर तो परत फुगत नाही, मग नवा स्पेसर घालून सगळं परत सेट करायचं. नाही केलं तर बेअरिंग तापून रडायला लागतात. जुन्या जीपांना स्पेसरऐवजी शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात, तिथं एवढी धास्ती नाही, पण मी गन तिथंही लावत नाही. नट खोलायच्या आधी नट आणि पिनियनच्या दांड्यावर पंचनं खूण करायची, ड्रम काढून फ्लँज हातानं फिरवून जडपणा लक्षात ठेवायचा, बसवताना खुणेपर्यंत आणि वर अगदी केसभर. तिथं घाई करणाऱ्यानं सरळ रिक्षानं फिरावं.

बाकीचं पटापट. प्रॉपेलर शाफ्ट सोडला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा मोकळी असते, पुढच्या चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. शाफ्ट आणि फ्लँजवर खूण करा, नायतर नंतर गाडी थरथरते. फ्लँज पुलरनंच काढा, हातोडा नको. सीलची स्प्रिंग आतल्या बाजूला, ओठाला ग्रीस, सिलिकॉन ओठाजवळ सुद्धा नको. अॅम्बॅसेडर 2014 ला बंद झाली, दुकानात पडून कडक झालेली सीलं खपवतात, ओठ बोटानं दाबून बघूनच घ्या. जुनं ऑइल सोडायच्या आधी भरायचा बूच खोला, तो जाम असेल तर रिकामा डिफ घेऊन बसाल. ईपी 90 ऑइल सपाट जागेवर त्याच भोकाच्या कडेपर्यंतच, जास्त भरलं तर तेच बाहेर.

मग पन्हाळ्याला एक चक्कर मारा. वर पोचल्यावर पिनियनच्या नाकाला हात लावून बघा, कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलाय, तिथनं गाडी सावकाश खाली आणा.