तळपायाला मुंग्या, रात्री आग: साखर कशी तपासावी?

चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. चालताना खाली जमीन नसून कापूस अंथरल्यासारखं वाटतं. रात्री तळपायाची अशी आग होते की पांघरूणही टेकवत नाही. खानदेशात ‘पायले मुंग्या येतस’ एवढं म्हणून हे सोडून दिलं जातं आणि दोष उन्हाला, वयाला नाहीतर दिवसभर शेतात उभं राहण्याला जातो.

पण टाइप २ मधुमेह कित्येकदा काही वर्षं गुपचूप वाढतो. निदान होतं त्या दिवशी काहींच्या नसा आधीच बिघडलेल्या असतात. साखर मधुमेहाच्या रेषेखाली, पण सामान्यपेक्षा वर असली तरी बारीक नसांना इजा होऊ शकते. या नसा आग, वेदना आणि गरम-थंड यांची जाणीव नेतात, म्हणून पहिली तक्रार बहुधा आगीची आणि टोचणीची असते.

दुखणं कुठे आहे ते आधी बघा. पायाच्या बोटांकडे जाणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब असतात, त्यामुळे मार बोटांच्या टोकांना आधी बसतो. तक्रार दोन्ही पायांत, साधारण सारखी, बोटांपासून वर सरकते. जणू मोजा चढत चाललाय. एकाच पायात कंबरेपासून कळ येत असेल तर मणक्याकडे बघायला हवं. फिकट किंवा लालसर चट्टा आणि तेवढाच भाग बधिर असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या; सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत.

मग पाय तपासा. संध्याकाळी पाय धुऊन, पुसून, चांगल्या उजेडात बसा. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा मोबाइलने फोटो काढा. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा बघा. पऱ्हाटीचा खुंट किंवा बाभळीचा काटा घुसलेला असून दुखत नसेल, तर तीच मोठी खूण समजा.

पुढची चाचणी बोटाच्या स्पर्शाची. तपासायचा माणूस आडवा होऊन डोळे मिटतो. दुसऱ्याने तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच टेकवायचं. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं आणि डावं मधलं बोट. स्पर्श कळला की त्याने फक्त ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडे जा.

चुका ठरलेल्या आहेत. दाबलं किंवा टिचकी मारली की बधिर बोटालाही धक्का कळतो. दर वेळी ‘लागलं का?’ विचारलं की माणूस अंदाजाने ‘हो’ म्हणतो. एका बोटाला पुन्हा संधी देऊ नका. अनवाणी राबणाऱ्यांची बोटं घट्टे पडून जाड झालेली असतात, तिथे उत्तर चुकू शकतं. शिवाय सहापैकी सहा आले म्हणजे सुटलो असं नाही. नुसती आग होण्याच्या टप्प्यावर ही चाचणी बहुतेकदा चांगलीच येते.

बाकीच्या खुणा जोडून बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तहान सगळ्यांनाच लागते. फरक लघवीत कळतो. घामाने पाणी गेलं तर लघवी कमी आणि गडद होते. साखर बरीच वाढली असेल तर एवढ्या उन्हातही भरपूर होते, रात्री दोन-तीनदा उठवते. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली कातडी, लवकर न भरणारी जखम, जांघेत पुन्हापुन्हा होणारी बुरशी, चष्म्याचा नंबर सारखा बदलणं, आखडलेला खांदा, उभं राहताच चक्कर, पुरुषांमध्ये ताठरतेची अडचण: यातलं एखादंही मुंग्यांच्या जोडीला असेल तर थांबू नका. कंबरेचा घेर पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटीमीटरच्या वर असणं हेही आपल्याकडे धोक्यात धरतात.

रक्त देताना. तिशीनंतर गावच्या उपकेंद्रात साखर तपासून मिळते, आशाताईंना विचारा. बोटाला टोचून येणारा आकडा चाळणीपुरता, निदानासाठी शिरेतलं रक्त लागतं. आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, चहा नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे आणि आमरस खाल्ला म्हणून पुढचे दोन दिवस भाकरी सोडून मग तपासणीला जाणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. आधीचे तीन दिवस रोजचं जेवण जेवा.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे पूर्वमधुमेह. जागतिक आरोग्य संघटना पूर्वमधुमेह ११० पासून धरते, म्हणून दोन लॅबच्या कागदांवर वेगळी रेष दिसू शकते. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते: ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ मधली पायरी. लक्षणं ठळक नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीनेही तेच दिसावं लागतं.

उपाशीपोटीचा आकडा ९६ आला आणि फाइल मिटली, हे फार होतं. बऱ्याच लोकांची साखर आधी जेवणानंतर चढते. पायाची तक्रार चालूच असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी मागा: पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं, दोन तास बसून राहायचं, बिडी-तंबाखू नाही. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे पूर्वमधुमेह, २०० पासून मधुमेह.

नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. हा आजार असेल तर लाल पेशी लवकर मोडतात आणि एचबीएवनसी खोटं कमी दिसतं. लोहाच्या कमतरतेत ते खोटं जास्त येऊ शकतं. म्हणून सिकलसेल किंवा रक्तक्षय असल्यास डॉक्टरांना आधी सांगा आणि थेट रक्तातल्या साखरेच्या तपासणीवर भर द्या.

त्याच रक्तात बी-१२ आणि थायरॉइडही बघायला सांगा; दोन्हींच्या बिघाडाने अशाच मुंग्या येतात, दारूनेही येतात. ‘ताकदीचं इंजेक्शन’ आधी घेऊ नका. त्यात बी-१२ असेल तर रिपोर्ट चांगला दिसतो आणि मूळ कारण झाकलं जातं.

निकाल येईपर्यंत गरम पाण्यात पाय बुडवणं आणि विटेचा शेक बंद. बधिर पायाला भाजल्याचं कळतच नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. कुरूप ब्लेडने कापू नका. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. जखम काळी पडली, वास आला किंवा सूज चढली तर त्याच दिवशी दवाखाना. खूप तहान, झपाट्याने घटणारं वजन आणि त्यात उलट्या, खोल श्वास किंवा गुंगी आली तर १०८ ला फोन करा. अचानक एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तरी तेच.

चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जायचा नवस असेल आणि स्पर्शाची चाचणी चुकली असेल, तर अनवाणी निघू नका. डांबर तापलेलं असतं. सुती मोजे आणि मऊ, बंद बूट घाला, आणि प्रत्येक मुक्कामावर मोजे काढून तळवा दुसऱ्याला दाखवा.