सिग्मा डीपी मेरिल घेताय? घेण्याआधी आणि घेतल्यावर काय करायचं

आधी एक स्पष्ट सांगतो, घरातली लहान पोरं, लग्न, विसर्जन मिरवणूक या सगळ्यासाठी एकच कॅमेरा हवा असेल तर हा घेऊ नका. पण रोजच्या फोटोंना मोबाईल किंवा दुसरा कॅमेरा आहेच आणि दगड, झाडं, जुने वाडे, डोंगर असं जागचं न हलणारं काहीतरी सावकाश उभं राहून टिपायला आवडतं, तर सिग्माचा २०१२ सालचा हा काळा चौकोनी डबा आजही असा फोटो देतो की मोठ्या स्क्रीनवर १०० टक्के झूम करून बघताना हात थांबतो. मी हा कॅमेरा मनापासून वापरतो आणि कोणी विचारलं की घे म्हणूनच सांगतो, फक्त त्याला कसं वागवायचं ते आधी नीट कळलं पाहिजे.

तर मुळात हा वेगळा का. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलपुढे लाल, हिरवा किंवा निळा यातला एकच फिल्टर असतो, म्हणजे त्या जागी एकच रंग मोजला जातो आणि बाकीचे दोन शेजारच्या पिक्सेलवरून हिशोबाने काढले जातात. या कॅमेऱ्यातल्या फोव्हिऑन नावाच्या सेन्सरमध्ये असा फिल्टर नाही. सिलिकॉनमध्ये निळा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, हिरवा त्याच्या खाली आणि लाल सगळ्यात खोल जातो, म्हणून एकाच जागी एकाखाली एक तीन थर वाचून तिन्ही रंग मिळतात. शेजाऱ्याकडे बघून अंदाज बांधायचा नाही, डिटेल पुसट करणारा अँटी अलियासिंग फिल्टरही लागत नाही. हा सेन्सर घडवणाऱ्यांपैकी एक म्हणजे डिक मेरिल, ते २००८ मध्ये गेले आणि या पिढीला सिग्माने त्यांचं नाव दिलं. जाहिरातीत ४६ मेगापिक्सेल लिहिलेलं दिसेल, ते ४८०० गुणिले ३२०० गुणिले तीन थर असा हिशोब आहे, हातात येणारा फोटो ४७०४ बाय ३१३६ म्हणजे पावणेपंधरा मेगापिक्सेलच्या आसपासचा असतो, पण त्यातला प्रत्येक पिक्सेल खणखणीत असतो.

आता याची दुसरी बाजू. सिलिकॉनचे थर रंग स्वच्छ वेगळे करत नाहीत, एकमेकांत बरेच मिसळलेले येतात, ते वेगळे काढायला जड गणित करावं लागतं आणि त्या गणितात नॉइज म्हणजे फोटोतले नको असलेले ठिपकेही वाढतात. म्हणून आयएसओ (कमी उजेडासाठी सेन्सरची संवेदनशीलता) वाढवला की रंग मरतात, हिरवट गुलाबी डाग पडतात. फाइल मोठी, म्हणून कार्डवर लिहायला वेळ लागतो, आणि एवढं काम करताना बॅटरी भराभर उतरते. खाली जे काही सांगतोय ते सगळं यातूनच आलंय.

कुठला घ्यायचा? तीन आहेत. डीपी१ ला १९ मिमी लेन्स (फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशोबाने २८), डीपी२ ला ३० मिमी (म्हणजे ४५), आणि २०१३ मध्ये आलेल्या डीपी३ ला ५० मिमी (म्हणजे ७५). तिन्हींचं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, एफ चा आकडा वाढला की ते लहान होतं) एफ/२.८, लेन्स बदलता येत नाही, झूम नाही. पहिलाच घेत असाल तर डीपी२ घ्या, त्याची लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरपासूनच कडेपर्यंत शार्प आहे आणि ४५ चा अँगल जवळपास सगळीकडे चालतो. डीपी३ पानं, कोरीवकाम, पोर्ट्रेट यासाठी फार सुंदर, पण हातात धरून थोडा अवघड. २०१४ पासून आलेले पुढच्या पिढीचे क्वात्रो वेगळे, त्यात वरचा थर २० मेगापिक्सेलचा आणि खालचे दोन ५-५ चे, ते जरा चपळ आहेत पण बारीक पोताच्या बाबतीत माझं मत मेरिलच्याच बाजूने.

नवा आता मिळणार नाही, सेकंड हँडच बघायचा. जपानमधल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत बरेच असतात, तिथून मागवताना कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरूनच किंमत मोजा, नाहीतर स्वस्त दिसणारा सौदा घरी येईपर्यंत महाग पडतो. विकणाऱ्याकडून दोन गोष्टी मागा, एक म्हणजे एफ/११ ला काढलेला मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो, आणि दुसरी म्हणजे त्याच कॅमेऱ्याची एखादी मूळ एक्स३एफ रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा असलेली सिग्माची फाइल. लेन्स निघत नसल्यामुळे सेन्सरवर धूळ बसली तर घरी पुसता येत नाही, कॅमेरा खोलावाच लागतो, म्हणून तो भिंतीचा फोटो महत्त्वाचा. प्रत्यक्ष बघायला मिळाला तर मोबाईलचा टॉर्च लेन्समधून तिरका मारा, फंगसचे धागे किंवा धुरकटपणा दिसला तर सोडून द्या. फोकस रिंग फिरवून बघा.

आणि पैसे देण्याआधी एक काम कराच करा. सिग्मा फोटो प्रो हे सिग्माचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते आपल्या कॉम्प्युटरवर टाका आणि त्या रॉ फाइलवर तासभर काम करून बघा. लाइटरूम हे अडोबीचं नेहमीचं फोटो सॉफ्टवेअर मेरिलच्या फाइल उघडत नाही. म्हणजे प्रत्येक फोटो आधी या सॉफ्टवेअरमधून जाणार, आणि ते स्लो आहे, स्लायडर हलवला की थांबायचं, मग परिणाम दिसतो. ज्याला हे जमत नाही त्याने कॅमेरा न घेतलेलाच बरा, कारण याची जेपीईजी चांगली असली तरी खरी ताकद रॉ मध्येच आहे.

बॅटरी. बीपी-४१ नावाची छोटी बॅटरी, कंपनीचाच आकडा एका चार्जला शंभरच्या आत फोटो असा आहे आणि प्रत्यक्षात स्क्रीन चालू ठेवून फिरलात तर त्याहून कमी. सिग्माने बॉक्समध्येच दोन बॅटऱ्या दिल्या होत्या यावरून समजून घ्या. रिकोच्या जीआर ची डीबी-६५ बॅटरीही यात बसते, त्यामुळे शोधताना तेही नाव टाका, पर्याय वाढतात. दिवसभर बाहेर जायचं तर चार बॅटऱ्या खिशात हव्यात, चार्ज झालेल्या डाव्या खिशात आणि संपलेल्या उजव्या, अशी काहीतरी शिस्त लावून घ्या कारण दिसायला सगळ्या सारख्याच.

सेटिंग एकदाच लावून ठेवायचं. फक्त रॉ ठेवा, सोबत जेपीईजी घेतली तर लिहायला अजून वेळ लागतो. ऑटो आयएसओ बंद. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (भोक आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), एफ/४ ते एफ/५.६ ही याची सगळ्यात गोड जागा, जवळचं ते लांबचं सगळं फोकसमध्ये हवं तर एफ/८, त्यापुढे डिफ्रॅक्शनमुळे (लहान भोकातून प्रकाश पसरतो) धार कमी व्हायला लागते आणि या कॅमेऱ्यात ते लगेच दिसतं. रंगीत फोटोसाठी आयएसओ १०० किंवा २००, अगदीच नाइलाज असेल तर ४००. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, उन्हात सनलाइट, ढगात ओव्हरकास्ट असं हाताने लावा, ऑटोवर लागोपाठच्या दोन फोटोंचे रंग वेगळे आले की नंतर जुळवताना जीव जातो.

एक्सपोजर हा खरा कस आहे. अंधाऱ्या भागात याचा नॉइज फार वाईट दिसतो, त्यामुळे फोटो अंधारा काढून नंतर उजळवू ही सवय इथे चालत नाही. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे उजळ) बघत, आभाळ पांढरंफटक होणार नाही इतपत उजवीकडे नेऊन काढा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये खाली आणा. दुसरी गोष्ट शटरची. याचं शटर लेन्समध्येच असतं आणि एफ/२.८ ला १/१२५० च्या पुढे जात नाही. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/५.६ वर साधारण १/८०० लागतो, म्हणजे तिथे ठीक, पण एफ/२.८ उघडलं तर १/३००० च्या आसपास लागेल आणि फोटो पांढरा होईल. पार्श्वभूमी धूसर हवीच असेल तर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा, डीपी१ आणि डीपी२ ला ४९ मिमी, डीपी३ ला ५२ मिमी.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नाही. पिक्सेल इतका धारदार आहे की हात जरासा हलला तरी सगळी मेहनत वाया जाते, म्हणून डीपी२ हातात धरून १/१२५ च्या खाली जाऊ नका आणि डीपी३ ला १/२५० धरा. ट्रायपॉड असेल तर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावून काढा, शटरचा धक्का जवळपास नसतोच त्यामुळे हलका ट्रायपॉडही पुरतो. व्ह्यूफाइंडर नाही, फक्त मागची स्क्रीन, ती उन्हात नीट दिसत नाही, तेव्हा टोपी किंवा काळं फडकं जवळ ठेवा. कमी उजेडात ऑटोफोकस चाचपडत बसतो, त्याच्याशी भांडण्यापेक्षा फोकस रिंग हाताने फिरवा.

रॉ ची एक फाइल ४५-५० एमबी ची. सलग ७ फोटो काढले की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरला, मग लिहिणं संपेपर्यंत थांबा. लाल लाइट लुकलुकत असताना बॅटरी किंवा कार्ड काढायचं नाही, कधीच नाही. हा वेळ मला खटकत नाही, तेवढ्यात पुढची फ्रेम डोळ्याने शोधता येते. वेरूळच्या कैलास लेण्यासारख्या ठिकाणी, जिथे बेसॉल्टवर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट आहेत, तिथे हा कॅमेरा जे टिपतो ते बघून मला दरवेळी हा त्रास वसूल झाल्यासारखा वाटतो. कोकणातला जांभा, सुकलेली पानं, गंजलेला पत्रा, कातळावरचं शेवाळ, असं बारीक पोत असलेलं काहीही याला द्या.

घरी आल्यावर सिग्मा फोटो प्रोमध्ये एवढंच करायचं: एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, हायलाइट. शार्पनेसचा स्लायडर शून्यावर असतानाही फोटो जरा करकरीत येतो, तो उणे करा, उणे एकच्या आसपास मला आवडतो. एक्स३ फिल लाइट नावाचा स्लायडर मोहात पाडतो, थोडाच वापरा, जास्त ओढला की गडद कडांभोवती तेजोवलय दिसतं आणि फोटो खोटा वाटायला लागतो. मग १६ बिट टिफ (दर्जा न घटवणारी फोटो फाइल) काढा, एकेक फाइल ८५-९० एमबी ची होते, आणि पुढचं सगळं, म्हणजे क्रॉप, काँट्रास्ट, ढगाळ आभाळातला तो हिरवट गुलाबी डाग पुसणं, आपल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. रोज काढलेले सगळे फोटो डेव्हलप करायला बसू नका, आधी छोट्या प्रिव्ह्यूवरून निवडा आणि त्यातले मोजकेच घ्या.

ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळं सांगायला हवं कारण तिथे नियम बदलतो. याच सॉफ्टवेअरमध्ये मोनोक्रोम मोड आहे, त्यात कलर मिक्सर निळ्याकडे नेला की वरच्या थरातली सगळ्यात स्वच्छ माहिती वापरली जाते आणि रंग वेगळे करायचं गणित जवळजवळ टळतं. त्यामुळे रंगात ४०० ला रडणारा हाच कॅमेरा इथे ८०० ला आरामात चालतो, १६०० ला सुद्धा फिल्मसारखा दाणा येतो जो मला तरी आवडतो. संध्याकाळचे बोळ, देवळाचा आतला भाग, पावसाळी अंधारलेली दुपार, हे सगळं यामुळे आवाक्यात येतं.

पावसाळ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. वेदर सीलिंग नाही आणि लेन्स निघत नाही, एकदा आत बुरशी धरली की दुरुस्ती करणारा शोधणं हेच मोठं काम. जून ते सप्टेंबर कॅमेरा लेदरच्या केसमध्ये किंवा कपाटात ठेवायचा नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा ह्युमिडिटी मीटर, ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा, जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा, बॅटऱ्या वेगळ्या ठेवा.

आणि सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर जपून ठेवा, एक्स३एफ फाइलींच्या शेजारीच. नव्या कॉम्प्युटरवर जाताना आधी तो चालतो का ते तपासा, तोपर्यंत जुनं मशीन विकू नका, आणि जे फोटो खरंच जवळचे आहेत त्यांची टिफ काढून वेगळ्या डिस्कवर टाकून ठेवा.